सायखेड्याचा वारा

आक्काला माझं शिक्षण नको होतं, अनुभव नको होता. तिला हवी होती माझ्या घराची खिडकी.

फवारणीचा ड्रोन चालवायचं आमचं प्रशिक्षण संपत आलं होतं आणि बायकांच्या जोड्या लावायचं काम चाललं होतं. एकीनं ड्रोन उडवायचा, दुसरीनं टेम्पो चालवायचा, औषध कालवायचं, बॅटऱ्या बदलायच्या. बहुतेकींनी आपापल्या गावातली, नात्यातली जोडीदारीण आधीच धरून ठेवली होती. मी एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढलेली, बी.कॉम. होऊन घरी बसलेली, तिथं कुणाचीच कुणी नव्हते. खुर्ची कोपऱ्यात ओढून बसले होते. तेवढ्यात पन्नाशी उलटलेली एक बाई समोर येऊन उभी राहिली. पाचवारी साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, पण तोही असा बांधलेला की एक कान उघडा.

"तू एकलहऱ्याची ना गं?"

"हो."

"तुझ्या घरातून चिमणी दिसती का? वीज केंद्राची?"

"दिसते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून."

"धूर दिसतो?"

"धूरच दिसतो. दुसरं काय दिसणार तिथून?"

"मग तू माझी," ती म्हणाली, आणि सरांकडे जाऊन माझं नाव स्वतःच्या नावापुढे लिहायला लावलं. मला विचारलंसुद्धा नाही.

ती निफाडच्या बाहेर मळ्यातल्या वस्तीवर राहायची. आमच्या वाट्याला आलेली गावंही त्याच बाजूची. पावसाळ्याच्या दिवसांत आमच्याकडे वारा मावळतीचा असतो. म्हणजे तो आधी एकलहऱ्यावरून जातो, मग गोदावरीच्या काठाकाठानं सायखेड्यावरून, आणि मग निफाडला पोचतो. आक्काचं म्हणणं असं की आपल्या दारी येणारा पाहुणा कुणाकुणाच्या दारावरून आलाय ते आधी विचारून ठेवावं. म्हणून सकाळी माझ्या पहिल्या चहाच्या आधीच तिचा फोन यायचा. कशी आहेस, उठलीस का, काही नाही.

"धूर?"

"सरळ वर चाललाय."

"वर गेल्यावर मोडतो का?"

"थोडा. निफाडकडेच."

"ये मग."

आणि फोन बंद. सुरुवातीला मला राग यायचा. नंतर नंतर फोन यायच्या आधीच मी खिडकीशी जाऊन उभी राहायला लागले.

वाऱ्याचं एवढं काय, असं मला घरची-दारची सगळी माणसं विचारतात. ड्रोनखालून औषध पडतं ते धुक्यासारखं बारीक असतं. वारा जास्त असला तर ते आपल्या उसावर न पडता शेजाऱ्याच्या द्राक्षावर पडतं. साधं खत असलं तर शेजारी आभार मानेल, पण तणनाशक असलं तर त्याची बाग उभी जळेल. शिवाय झोत आला की ड्रोन स्वतःच भेलकांडतो. हे सगळं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं, आणि सगळ्या बायका ते करायच्या. मोबाइलवर हवामान बघायचं, आकडा हिरवा असला की उडवायचं. आक्काचं तेवढ्यावर भागत नसे.

तिच्या मोबाइलमध्ये हवामानाची तीन ॲप होती आणि त्यांना ती जावा म्हणायची. "थोरली जाऊ उगाच घाबरवती. ढग दिसला की पूर आला म्हणती. मधली गोड बोलती आन फसवती. धाकटीला काल काय झालं ते आज कळतं." तिघींचं ऐकून घ्यायची, तिघींनाही नावं ठेवायची, आणि मग शेताच्या बांधावर जाऊन उघडा कान वाऱ्याकडे करून उभी राहायची. कानामागची कातडी मोबाइलपेक्षा शहाणी असते असं तिचं मत. मग पिशवीतून उदबत्ती काढायची, पेटवायची आणि मातीत खोचायची. शेतकऱ्यांना वाटायचं पूजा चाललीय. एकदोघे चपला काढून हातही जोडायचे. मी आपली बाजूला उभी.

पहिल्या दिवशी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कशाला आक्रसून उभी राहिली? पूजा नाय गं. धूर बघते. सकाळी कधी कधी वारा नसतो, पर हवा अशी खाली दबलेली असती. धूर वर जायच्या ऐवजी चटईवानी पसरतो. तसल्या हवेत औषध खाली बसत नाय. तरंगत राहतं आन मग कुठंबी जातं."

आणखी एक म्हणजे फवारणी संपेपर्यंत ती कुणाच्या घरचा चहा घ्यायची नाही. "चहा घेतला की मिंधेपणा आला. मिंध्या माणसाला वारा दिसत नाय." फवारणी झाली की मात्र दोन दोन कप, वर बिस्किटं मागून घ्यायची.

मी तिला आधी अहो आक्का म्हणायचे. तिसऱ्याच दिवशी तिनं दटावलं, "अहो-जाहो केलं की मला मी मेल्यासारखं वाटतं." तेव्हापासून ती अगं आक्का झाली.

तिचा दुसरा फोन असायचा सायखेड्याला. तो ती शेतावर पोचल्यावर करायची, हात औषधाच्या टाकीत गुंतलेले म्हणून स्पीकरवर. मोबाइलमध्ये नाव होतं नुसतं 'सायखेडा'.

"वारा कुठून हाय?"

पलीकडून एक बारीक, तरणा आवाज यायचा, "मावळतीचा. बेताचा आहे."

"नदीवरून येतो का गावावरून?"

"नदीवरून."

"बरं."

एवढंच. रोज तेवढंच. मी एकदा म्हटलं, "आक्का, मी रोज टेम्पो घेऊन सायखेड्यातूनच येते की. मीच बघून सांगत जाईन. त्या बाईला कशाला त्रास?"

आक्कानं टाकीचं झाकण आवळलं. "तू गाडी चालव. वाऱ्याकडं बघत गाडी चालवायची नसती."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "ती माझी लेक हाय. मी तिच्याशी बोलत नाय. वाऱ्याचं तेवढं विचारते."

हे तिनं इतक्या सरळ सुरात सांगितलं की मला हसू आलं. आणि मग तिच्या तोंडाकडे बघून ते विरलं.

पुढची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली, बरीचशी टेम्पोत. मुलगी कॉलेजला नाशिकला जायची. तिथंच तिचं जमलं. मुलगा सायखेड्याचा, बौद्ध घरातला, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला. आक्काच्या नवऱ्यानं आधी मारलं, मग कोंडलं, मग मुलगी एके दिवशी निघून गेली आणि रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. नवऱ्यानं आक्काकडून शब्द घेतला: तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. आक्कानं शब्द दिला. पुढे नवरा गेला. शब्द राहिला. मळ्यात समोरासमोर दोन दिरांची घरं, त्यांनी तो राखायला मदत केली.

"आन मग एक दिवस मला वाटलं," आक्का म्हणाली, "बोलायचं नाय म्हणजे सुखदुःखाचं बोलायचं नाय. वारा काय सुख हाय का दुःख? वारा धंद्याचा भाग हाय."

ड्रोनच्या प्रशिक्षणाला तिचं नाव कुणी घातलं होतं ते मी कधी विचारलं नाही. पण पन्नाशी उलटलेल्या बाईला एकाएकी ड्रोन का शिकावासा वाटला, हे मला त्या दिवशी टेम्पोत बसल्या बसल्या कळलं.

मला हे सगळं ऐकून बरं वाटलं असं नाही. आम्हीही बौद्धच. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझ्या मोबाइलची रिंगच भीमगीताची होती. दुपारी आम्ही बांधावरच्या लिंबाखाली जेवायचो. ती माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी बोटानं पुसून खायची आणि तिच्या डब्यातली शेंगदाण्याची आमटी मला वाटीभर द्यायची. त्या दिवशी मी वाटी तशीच ठेवली.

"काय गं?"

"आक्का, एक विचारू? माझ्या डब्यातलं तुला चालतं. मग जावई का नाही चालला?"

तिनं घास खाली ठेवला. मग म्हणाली, "तव्हा नाय चालला. तव्हा मी तुझ्या डब्यातलंबी खाल्लं नसतं."

"आणि आता?"

"आता कुणाला सांगू? ज्यानं शब्द घेतला तो नाय. परत कुणाला देऊ तो?"

मला तिला खूप काही सुनवायचं होतं. जुळवूनही ठेवलं होतं मनात. पण ती तशीच बसून राहिली, हात उष्टा, वाळत चाललेला, आणि मी वाटी उचलून आमटी प्यायले. ती गार झाली होती.

तिला सगळे भित्री म्हणायचे, आणि ती भित्री होतीच. एकदा एका मोठ्या बागायतदाराच्या उसात तणनाशक मारायचं होतं. शेजारी दुसऱ्याची द्राक्षबाग, छाटणी होऊन कोवळी फूट आलेली. मी औषध कालवून तयार ठेवलं. उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. तिन्ही जावा गप्प होत्या. मलाही पान हललेलं दिसत नव्हतं. आणि आक्का म्हणाली, "आज नाय."

बागायतदार उखडला. "आक्का, वारा कुठंय? दाखवा मला वारा!"

"येईल. कानाला कळतंय."

"कान कुणाला दाखवता? माणसं लावली, पाणी भरलं, तुम्हाला कामं नको असतील तर घरी बसा!"

"बसते," ती म्हणाली आणि बूट झटकून टेम्पोत जाऊन बसली.

त्यानं आमच्यासमोरच दुसऱ्या जोडीला फोन लावला. त्या दोघी आल्या, त्यांनी फवारलं, आणि सांगायची गोष्ट म्हणजे वारा आलाच नाही. सबंध सकाळ हवा पाटावर बसवल्यासारखी गप्प होती. द्राक्षाच्या एका पानालाही काही झालं नाही. तो बागायतदार पुढे आम्हाला कधी बोलावेना, आणि त्यानं चार ठिकाणी सांगितलंही. मी चिडून होते. आठ दिवसांनी त्याच रस्त्यानं जाताना आक्कानं टेम्पो थांबवायला लावला, उतरून बागेजवळ गेली, वेलीची फूट हातात धरून उलटसुलट बघितली.

परत येऊन बसली तेव्हा तोंडभर हसत होती. "लय बरं झालं."

"काय बरं झालं? आपलं काम गेलं!"

"अगं, बागेला काय नाय झालं. चूक झाली ती माझी झाली, बागेची नाय झाली."

स्वतः खोटी ठरल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी तेव्हापर्यंत बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

हिवाळा तिच्या मनाला जड जायचा. निफाडची थंडी तर प्रसिद्धच, पण तिचं दुःख थंडीचं नव्हतं. हिवाळ्यात वारा फिरतो. उगवतीकडून, उत्तरेकडून येतो. म्हणजे तो आधी निफाडला येऊन मग सायखेड्याला जाणार. सायखेड्याला विचारायचं काही कारणच उरत नाही. पहिल्या हिवाळ्यात तिनं चार दिवस कळ काढली. उसाच्या बांधावर उगाच येरझारा घालायची, मोबाइल काढायची, ठेवायची. पाचव्या दिवशी फोन लावला.

"वारा पोचला का?"

पलीकडून तो आवाज, जरा हसल्यासारखा, "कुठला?"

"इथून गेलेला. मघाशी इथून गेला. पोचला का तिथं?"

"पोचला. गार आहे."

"बरं."

मी पाठ फिरवून बॅटऱ्या मोजत असल्याचं सोंग केलं.

हळूहळू लेकीचं सांगणं लांबायला लागलं. आक्काचा प्रश्न तेवढाच, उत्तर मात्र वाढत चाललं. "मावळतीचा आहे, विहिरीवरच्या शेवग्याच्या शेंगा हलतायत." "आज पडलेला आहे, मी भाकरी करत होते तर धूर घरातच कोंडला." आक्का हूं म्हणायची नाही. पण फोन ठेवल्यावर दिवसभर कधीतरी मध्येच म्हणायची, "भाकरी चुलीवर करती म्हणजे." नाहीतर, "शेवगा लावलाय वाटतं." जणू तिला कुणी ते वेगळं सांगितलं होतं.

मग मध्ये काही महिने उत्तरं पुन्हा तोकडी झाली. आवाज दमल्यासारखा यायचा. काही दिवस तर फोन दुसऱ्याच कुणी बाईनं उचलला आणि सांगितलं, "ती आत निजलीय. वारा काय, हाय आपला." आक्का अस्वस्थ असायची, पण वाऱ्याशिवाय दुसरा प्रश्न तिला विचारता येत नव्हता.

पावसाळा ओसरत आलेला. आम्ही एका सोयाबीनच्या शेतात होतो. हवा स्वच्छ, ऊन कोवळं, धूर सरळ. फवारायला याहून चांगली सकाळ मिळायची नाही. आक्कानं फोन लावला. खूप दिवसांनी लेकीनंच उचलला.

"वारा कुठून हाय?"

"वारा नाहीच आज. दुपटी वाळत घातलीत, एक हललं नाही."

आक्का टाकीत पाणी ओतत होती. पाणी टाकीबाहेर जायला लागलं.

"काय वाळत घातलंय?"

"दुपटी," ती म्हणाली. मग एकेक शब्द तोलून, "लहान आहेत. चार आहेत. दोरीवर आहेत."

पलीकडून श्वास ऐकू येत होता. माझ्या हातातला मोजपेला मी खाली ठेवायचंही विसरले. शेवटी आक्का म्हणाली, "सावलीत नको वाळवू. ऊन लागू दे."

आणि फोन बंद केला. लेक घर सोडून गेल्यापासून वाऱ्याबाहेरचं पहिलं वाक्य तिच्याशी ती असं बोलली.

शेतकरी विचारत आला, "करायचं का आक्का सुरू?"

"आज नाय," ती म्हणाली. "वारा लय हाय."

तो बिचारा आभाळाकडे बघत राहिला. सोयाबीनचं पान हलत नव्हतं. आक्का बांधावर बसली, पदर तोंडावर घेतला, आणि मी त्या शेतकऱ्याला हळूच म्हटलं, "दादा, उद्या येतो आम्ही. नक्की येतो." वाऱ्याबद्दल ती खोटं बोलली ते तेवढं एकदा.

त्या दिवसापासून मला वाटायचं, आता ही जाईल. सायखेडा काय लांब आहे? मी रोज त्याच रस्त्यानं येते-जाते, टेम्पोत जागा आहे. मी म्हणायचे, "आक्का, आज चल." तर ती म्हणायची, "दीर घरी हायेत." नाहीतर, "जरा पाऊस सरू दे." बाळ मुलगा आहे हे तिला वाऱ्यातूनच कळलं, आणि तो रांगायला लागल्याचंही. "आज धूळ उडतेय, याला अंगणात सोडता येत नाही." एवढ्यावर ती आठवडा काढायची. मी तिला भित्री म्हटलं. ती म्हणाली, "हाय."

असं करता करता पोराला दुसरं वर्ष लागलं. आणि एका सकाळी तिनं नेहमीसारखा फोन लावला.

"वारा कुठून हाय?"

"आई, आम्ही चाललो इथून."

आई हा शब्द त्या फोनवर मी पहिल्यांदा ऐकला.

आक्का म्हणाली, "वारा कुठून हाय ते सांग."

"यांची बदली झाली. चंद्रपूरला, तिथल्या वीज केंद्रात. सामान बांधतोय."

"मावळतीचाच असंल."

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला, "तिथून तुला वारा कसा सांगू मी? तिथला वारा तुझ्या काय कामाचा?"

आक्कानं मोबाइल दोन्ही हातांनी धरला होता. औषधानं माखलेले हातमोजे तसेच. "कधी जाणार?" तिनं विचारलं.

"या आठवड्यात."

आक्का उठली. हातमोजे काढले, हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत, सावकाश. मग टेम्पोत माझ्या शेजारी येऊन बसली. "चल."

"आणि फवारणी?"

"चल म्हणते ना."

ड्रोन टेम्पोत मागे तसाच, टाकी भरलेली. सबंध रस्ताभर तिनं उसाच्या ट्रॉल्या, कांद्याचे ट्रॅक्टर, कशाकडेही बघितलं नाही. सायखेड्यात शिरल्यावर फक्त म्हणाली, "नदीच्या अंगाला. विहीर असंल आन शेवगा असंल." घर तिनं कधी बघितलेलं नव्हतं, पण आम्हाला कुणाला विचारावं लागलं नाही.

घर चांगलं बांधलेलं, पुढे ओटा. लेक दारात उभी होती, कडेवर मूल. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. मला वाटलं आता रडारड होईल. आक्का अंगणाच्या मध्यावर थांबली, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, "दोरी अशी उघड्यावर कशाला बांधली? सगळी धूळ कपड्यावर बसत असंल."

"आधी मागे आडोशाला होती," लेक म्हणाली. "तिथं वारा कळत नव्हता. तुला सांगायला म्हणून इकडे बांधली."

तेव्हा आक्कानं तिला नावानं हाक मारली. ते नाव मी इथं लिहीत नाही. इतकी वर्षं तिनं ते तोंडात धरून ठेवलेलं होतं, ते माझ्या हातून असंच कागदावर पडू नये. हाक मारली आणि ती अंगणातच मटकन खाली बसली. लेकीनं मूल माझ्या हातात दिलं, अनोळखी बाईच्या, आणि आईजवळ गेली. पोरगं माझ्या कानातलं ओढत होतं. मी त्याला घेऊन विहिरीकडे गेले, कारण तिथं उभं राहणं मला जमेना.

परत आले तेव्हा दोघी ओट्यावर होत्या. आत भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आमच्या घरी आहेत तसेच शेजारी शेजारी. लेकीची सासू पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. ठसठशीत बाई. तांब्या पुढे करायच्या आधी थांबली.

"इहीणबाई, आमच्याकडचं पाणी चालंल ना?"

आक्कानं मान वर केली. "तुम्ही विचारणारच. विचारायलाच पाहिजे." मग हात पुढे केला. "लय तहान लागलीय."

सबंध तांब्या प्यायली. हनुवटीवरून पाणी गळ्यापर्यंत आलं तरी पुसलं नाही. सासूबाई बघत होत्या. मग म्हणाल्या, "अजून आणते," आणि आत गेल्या. आत गेल्यावर त्यांनी नाक शिंकरल्याचं मला ऐकू आलं.

जावई संध्याकाळी आला म्हणे. आम्ही तोवर निघालो होतो. निघताना आक्कानं नातवाला घेतलं नाही, नुसतं त्याच्या टाळूला बोट लावलं. "घेतलं तर सुटायचा नाय," ती मला गाडीत म्हणाली.

मला वाटलं होतं, गोष्ट इथं पुरी झाली. लेक चंद्रपूरला जाईल, फोन होत राहतील, सुखदुःखाचे. पण आक्काचं गणित वेगळंच होतं. पुढच्या आठवड्यात तिनं दिरांना सांगितलं, शेत तुम्ही कसा, मी लेकीकडं चालले. मोठा दीर ओरडला, धाकट्यानं बाहेर पडायचं दार लावून घेतलं. ती मागच्या दारानं निघून आली. मळ्यातलं चाळीस वर्षांचं घर, आणि तिच्या हातात एक पिशवी.

नाशिकरोडला गाडीवर मी सोडायला गेले. तिच्या पायात बूट नव्हते. चपला होत्या. तशी ती मला एकदम दुसऱ्याच कुणाची आई वाटली.

"बूट कुठंयत?"

"तुझ्या टेम्पोत, सीटखाली. बसले तर घाल."

"आक्का, मी कुणाबरोबर उडवू आता?"

"येईल कुणीतरी. तू उडव, तिला गाडी चालवू दे." मग गाडी हलायच्या आधी खिडकीच्या गजातून हात काढून माझं तोंड कुरवाळलं. तिच्या बोटांना औषधाचा वास होता. इतकी वर्षं तो वास होता, माझ्याही बोटांना होता, पण मला तो त्या दिवशी पहिल्यांदा आला.

आता माझ्याबरोबर पिंपळगावकडची एक चुणचुणीत मुलगी असते. कामाला वाघ आहे. आकडा हिरवा आहे का बघते आणि म्हणते, "ताई, ओके." बहुतेक वेळा ते ओकेच असतं. मी तिला काही म्हणत नाही. पण मला सकाळी कुणीतरी काही न विचारता नुसता 'धूर?' म्हणून फोन करावा असं वाटतं, आणि तो फोन येत नाही.

सुरुवातीला मीच करायचे. आक्का विचारायची, काय हवा हाय तिकडं, कुणाकडं गेला होतात, तो बागायतदार परत बोलावतो का. हळूहळू ते प्रश्न कमी झाले. तिकडे ऊन फार, कुलर घेतलाय, जावयाची रात्रपाळी, नातवाला दूध पचत नाही, असं ती सांगायची. खूश होती. तिच्या आवाजात पूर्वी एक ताठा असायचा, दोरी ताणून धरल्यासारखा, तो गेला होता. ती आता चारचौघींसारखी झाली होती. मला तेच तर हवं होतं तिच्यासाठी. आणि तरी फोन ठेवल्यावर मला उगाच कुणीतरी परकं भेटल्यासारखं व्हायचं.

परवा आम्ही उसाच्या बांधावर थांबलो होतो. ढग येऊन जाऊन होते. मी सहज तिला फोन लावला. ती म्हणाली, "हां, बोल गं," आणि लगेच मागून पोराचा आवाज आला. तो आता बोलायला लागलाय. "आजी, हे बघ, आजी, हे बघ ना." आक्का मला म्हणाली, "थांब जरा, ह्यानं भिंतीवर काय काढलंय बघते," आणि फोन कुठंतरी ठेवून गेली. बंद करायचा राहिला.

मी कानाला लावून उभी राहिले. तिकडे भांडी वाजत होती. लेक काहीतरी विचारत होती, आक्का तिला हसून उत्तर देत होती, काय ते कळत नव्हतं. पोरगं मध्ये मध्ये ओरडत होतं. पंखा घरघरत होता. कुणीतरी चमचा पाडला आणि त्यावर तिघंही हसली.

इकडे शेतकरी दोनदा येऊन बघून गेला. माझी जोडीदारीण म्हणाली, "ताई, कुणाचा फोन आहे?" मी तिला हातानंच थांब म्हटलं. फोन आक्कानं ठेवला नव्हता, मीही ठेवला नाही.

मग तिकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी पळत आलं, आणि फोन बंद झाला.